उपकार वेगळा, हिशेब वेगळा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्याने केली त्याने भाड्याच्या खोलीत दिवस काढले नसावेत. काढले असते तर ‘खोली पाहावी सोडून’ असेही त्याने पुढे जोडले असते. खोली घेताना दोन्हीकडची माणसे गोडच बोलतात. माणूस खरा कसा आहे ते खोली सोडताना कळते.

आपल्या समाजातील नोकरदार कुटुंबांची निम्मी हयात भाड्याच्या खोलीत जाते. शिक्षक, परिचारिका, एस. टी.चे वाहक, कार्यालयातील शिपाई, कारकून. बदली झाली की गाठोडे बांधायचे आणि नव्या गावात दारोदार खोली विचारायची. महिला मंडळाच्या कामामुळे माझ्या कानावर बायकांची बरीच गाऱ्हाणी येतात. नवऱ्याची दारू, सासरचा जाच, रेशनकार्ड, मुलांचे दाखले. त्यात हे एक गाऱ्हाणे हमखास असते : ‘खोली सोडली, पण डिपॉझिट बुडालं.’ दहा हजार, पंधरा हजार, क्वचित जास्तही. ही रक्कम त्या घराची चार-सहा महिन्यांची बचत असते. पण त्यावर कोणी भांडत नाही, कोणी लिहीत नाही. म्हणून आमच्या घरात घडलेली गोष्ट मी आज या पानावर मांडते आहे. मालकांचे नाव मी देणार नाही. त्यांची बदनामी करण्याचा माझा हेतू नाही, आणि का नाही ते पुढे कळेलच.

आमची खोली बिद्रीत होती. कागल तालुक्यातले हे गाव कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर आहे. पुढे मुदाळ तिट्ट्याला निपाणीकडून राधानगरीला जाणारा रस्ता येऊन मिळतो. गावाला दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. कारखान्याचे गाव म्हटले की बाहेरून नोकरीला येणारा माणूस आलाच, आणि तो आला की भाड्याच्या खोल्या आल्या. ज्याच्या परड्यात चार पाती जागा आहे त्याने दोन खोल्या काढलेल्या असतात. तरीही २०१७ साली आम्ही खोली शोधत होतो तेव्हा पाच ठिकाणी नकार मिळाला. नकाराची पद्धत आपल्या वाचकांना मी सांगायला नको. आधी आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव विचारतात. गावात घर कुठल्या बाजूला, तेही विचारतात. मग ‘खोली कालच एकाला बोलून ठेवली आहे’ असे कळते. पंधरा दिवसांनी तीच खोली रिकामी दिसते.

यात नवे काही नाही. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी लोकांच्या पथिकाश्रमात ते राहिले, आणि थोड्याच दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही निघायला लावले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात त्यांनी ही हकीगत लिहून ठेवली आहे. पदवी होती, नोकरी होती, पगार होता. डोक्यावर छप्पर तेवढे नव्हते. शंभर वर्षांनंतर माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या कारकून बाईला पाच दारांवरून परत यावे लागले. फरक एवढाच की लाठ्या नव्हत्या.

सहावे दार मात्र उघडले. त्या घरचे आबा शेतकरी माणूस. त्यांनी आडनाव ऐकले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘भाडं येळेवर द्या, पाणी जपून वापरा. बाकी मला काय करायचं हाय?’’ सोपा, एक आतली खोली, मोरी, वर मंगलोरी कौले. पंधरा हजार अनामत आणि महिना बावीसशे भाडे. मे महिन्यात आम्ही सामान आणले. पहिल्या रविवारी सोप्यात बुद्धवंदना घेतली, चार पाहुणे आले, खीर केली. आबा आणि काकीही येऊन बसले. सगळ्यांचा एक फोटो काढला. हा फोटो वाचकांनी लक्षात ठेवावा.

सात वर्षे आम्ही तिथे राहिलो. कटकट अशी झाली नाही. काकींच्या आजारपणात मी त्यांना गारगोटीला दवाखान्यात नेले, माझ्या मुलीला काकींनी भाकरी थापायला शिकवले. भाडे दोनदा वाढले, शेवटी तीन हजार झाले. २०२४ साली मुलीची दहावी झाली. तिला अकरावीला गारगोटीला घालायचे ठरले आणि माझ्या मिस्टरांनाही तिकडेच गाडीवर काम मिळाले. फेब्रुवारीच्या शेवटी मी आबांना तोंडी सांगितले आणि त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर तसा निरोपही लिहून पाठवला. एप्रिलअखेर खोली झाडून-पुसून किल्ली हातात दिली. अनामत आठ दिवसांत नेऊन देतो म्हणाले.

आठवड्याचे तीन आठवडे झाले. मग त्यांच्या मुलाने एक कागद पाठवला. त्यात असा हिशेब होता :

रंगकाम ८,५०० रुपये. सोप्यातील तडकलेल्या दोन फरश्या १,२००. लाईट बिलाची बाकी २,३२०. घरफाळा दोन वर्षांचा १,८००. एक महिन्याची नोटीस न दिल्याबद्दल ३,०००. मोरीतील नळ ३५०. भिंतीतील खिळ्यांची दुरुस्ती १,५००. खोली धुणे व शिंपणे ६००. एकूण १९,२७० रुपये. वजा अनामत १५,०००. येणे ४,२७०.

म्हणजे आमचे पंधरा हजार तर गेलेच, वर आम्हीच त्यांचे देणे लागत होतो!

मिस्टर म्हणाले, ‘‘जाऊ दे. पाच जणांनी दार लावलं, ह्या माणसानं उघडलं. त्याच्याशी पैशावरून भांडायचं?’’ शेजारच्या एका बाईंनी निरोप धाडला, ‘‘वहिनी, ताणू नका. उद्या आपल्यातलं दुसरं कोणी खोली मागाय गेलं तर ते म्हणतील, नको बाबा ती माणसं.’’ दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. मी रात्रभर विचार केला. सकाळी मुलीने तो कागद वाचला आणि मला सरळ विचारले, ‘‘आई, एवढे पैसे लागायला आपण तिथलं काय मोडलं होतं?’’

त्या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग होते. पैसे सोडून दिले असते, तर ‘आपण काहीतरी मोडले असणार’ असेच ती आयुष्यभर समजली असती. आपल्या मुलांना आपण शाळेत घालतो, शिकवतो, आणि असे प्रसंग आले की ‘गप्प बस, जाऊ दे’ म्हणतो. मग त्या शिक्षणाचा उपयोग काय?

मी वही काढली. आबा पावती देत नसत. खेड्यात कोण देतो? पण पहिल्या महिन्यापासून मी शंभर पानी वहीत तारीख, रक्कम आणि लाईटच्या सबमीटरचा आकडा लिहून त्यांची सही घेत असे. पुढे मोबाईलवरून भाडे देऊ लागलो तरी वही चालूच ठेवली. कारकुनाची सवय, दुसरे काय! त्या वहीवरून मी प्रत्येक रकमेसमोर आमचे म्हणणे लिहिले.

पहिली बाब रंगाची. आम्ही राहायला गेलो त्याच्या आधी मालकांनी डिस्टेंपर दिला होता. सात वर्षांत तो जुना झाला, हे खरेच आहे. पण वाणिज्य शाखेला पहिल्याच वर्षी घसारा शिकवतात. कोणतीही वस्तू वापराने आणि काळाने झिजते, आणि ती झीज दरवर्षी थोडी थोडी खर्ची टाकायची असते. रंगाचे आयुष्य पाच वर्षे धरले, तर स्थिर हप्ता पद्धतीने साडेआठ हजारांचे वर्षाला सतराशे खर्ची पडतात. पाच वर्षांनंतर वहीत त्या रंगाची किंमत शून्य. आम्ही तर सात वर्षे राहिलो. शून्य किमतीची वस्तू आम्ही कशी काय खराब केली? शिवाय ही झीज मालकाला भरून कशातून मिळते? भाड्यातून. सात वर्षांत आम्ही २,१८,४०० रुपये भाडे दिले. भिंती, फरशी, दारे वापरण्याचाच तो मोबदला होता. त्याच वापराचे पैसे जाताना पुन्हा द्यायचे म्हणजे एकाच मालाचे दोनदा बिल झाले.

भिंतीला पोपडे आले होते, तेही त्यांनी सांगितले. पण २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कोल्हापूर जिल्ह्यात पावसाने काय केले ते सगळ्यांना माहीत आहे. कौलातून पाणी झिरपून भिंतीला ओल धरली होती. त्या वेळीच मी फोटो काढून आबांच्या मुलाला पाठवले होते. तारखेसह ते माझ्या मोबाईलमध्ये होते.

ही केवळ माझी समजूत नव्हे. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आहे. त्याच्या १०८ व्या कलमात भाडेकरूने जागा मिळाली तशा चांगल्या स्थितीत परत करावी असे म्हटले आहे, आणि त्याला अपवादही दिला आहे : वाजवी वापराने झालेली झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरची आपत्ती. म्हणजे भिंतीत हातोडा घालून भगदाड पाडले तर भरपाई द्या. रंग उडाला तर नाही. इंग्रजांच्या काळापासून हे लिहिलेले आहे, पण किती भाडेकरूंना ठाऊक आहे?

फरश्यांसाठी तो वंदनेचा फोटो कामी आला. त्यात आबा पुढेच मांडी घालून बसले आहेत आणि त्यांच्या गुडघ्याजवळ दोन्ही फरश्यांचा तडा स्वच्छ दिसतो आहे. आम्हाला येऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

लाईटचे गणित थोडे वेगळे. मीटर मालकांच्या नावावर, आम्हाला सबमीटर. शेवटच्या दोन महिन्यांत आमचे १४५ युनिट झाले, ते मला मान्य होते. मालकांनी युनिटला सोळा रुपये लावले होते. मी त्या दोन महिन्यांची महावितरणची बिले मागितली. दोन्ही घरांचे मिळून ४०८ युनिट आणि ४,४८८ रुपये. सरासरी अकरा रुपये युनिट. म्हणजे आमचे देणे १,५९५. यात एक गोष्ट भाडेकरूंनी समजून घ्यावी. घरगुती विजेला पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० चा बराच जास्त. एका मीटरवर दोन घरे आली की दोघांचे युनिट मिळून वरच्या टप्प्यात जातात. स्वतंत्र मीटर असता तर आमचे महिन्याला सत्तर-बहात्तर युनिट खालच्याच दरात बसले असते. पण सरासरीने द्यायचे हे पहिल्यापासून ठरले होते. ठरले ते मी दिले.

घरफाळ्याची पावती ग्रामपंचायत मालकाच्या नावाने फाडते. तो आम्ही द्यावा असे कधी ठरले नव्हते, सात वर्षांत कधी मागितलाही नव्हता. नोटिशीबद्दल फेब्रुवारीचा निरोप होताच. खेड्यात करारपत्र नसते, महिन्याच्या भाड्याने राहणे असते. अशा भाडेकरारासाठी त्याच १८८२ च्या कायद्यात पंधरा दिवसांची सूचना सांगितली आहे. आम्ही दोन महिने आधी सांगितले होते. नळ आमच्या वापरात तुटला होता. त्याचे ३५० रुपये मी कबूल केले. जे देणे आहे ते देणे आहे, तिथे घासाघीस नको.

राहिले खिळे आणि शिंपणे.

भिंतीत एकूण सात खिळे होते. तीन आम्ही येण्याआधीपासूनचे. चार आमचे : तथागतांची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, घड्याळ आणि आरसा. चार खिळ्यांना दीड हजार! मी लिहिले, ‘माझे दीर गवंडी आहेत. सांगाल त्या दिवशी येऊन भोके बुजवून देतील.’ दिरांनी पुढे खरोखरच अर्ध्या तासात सातही भोके बुजवून दिली. सिमेंट चाळीस रुपयांचे लागले.

आणि ‘शिंपणे’. हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. खोली धुणे समजू शकते, जरी आम्ही ती धुऊनच दिली होती. पण शिंपणे कशाचे? आपल्या लोकांना हा शब्द कसा लागतो ते मी लिहिण्याची गरज नाही. महाडला १९२७ साली आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर त्या तळ्याचे काय केले गेले, ते आपल्या घरातले शाळकरी पोरही सांगेल. मंडळातल्या दोघीजणी म्हणाल्या, ‘‘हा कागद घेऊन थेट पोलीस ठाण्यात चल.’’ १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा मला ठाऊक आहेत. त्या कामी मी इतरांबरोबर गेलेही आहे. पण त्याआधी मला त्या माणसाच्या तोंडून उत्तर हवे होते.

रविवारी मी, मिस्टर आणि मुलगी बिद्रीला गेलो. आबा सोप्यात बसले होते, मुलगाही होता. काकींनी चहा ठेवला. मी दोन प्रती नेल्या होत्या, एक त्यांच्या हातात दिली आणि एकेक बाब वाचून दाखवली. आवाज चढवला नाही. मुलगा मध्ये बोलू लागला, ‘‘ताई, कायदा आम्हाला शिकवू नका. तुम्हाला खोली कोण देत होतं ते आठवा.’’

मी म्हटले, ‘‘आठवतंय. पाच जणांनी नाही म्हटलं आणि आबांनी हो म्हटलं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. कुणीही विचारलं तरी सांगीन. पण दादा, उपकार वहीत लिहीत नाहीत. वहीत फक्त रुपये लिहितात, आणि ते आम्ही दर महिन्याला दिले. उपकाराची परतफेड मी उपकारानंच करीन, अनामतीतनं नाही.’’

तो गप्प झाला. मग मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि आबांना विचारले, ‘‘आबा, हे शिंपणे कशाचं?’’

कोणी काही बोलेना. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. आबांनी मुलाकडे पाहिले. कागद मुलाने लिहिला होता, हे त्या पाहण्यावरून कळले. आबांनी खिशातले पेन काढले आणि ती ओळ खोडली. एकदा नाही, तीन-चारदा गिरवून खोडली. म्हणाले, ‘‘ह्ये मला म्हाईत नव्हतं, ताई.’’ मुलगा उठून बाहेर गेला.

मी तो कागद परत घेतला. तो आजही माझ्याजवळ आहे. आबांनी ती ओळ खोडली नसती तर मी त्याच कागदानिशी पुढे गेले असते, यात शंका नको. जिथे माणूस अडून बसतो तिथे कायद्याचाच रस्ता धरावा. पण त्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या पोराचा शब्द आपल्या हाताने खोडला, आणि ते माझ्या मुलीने पाहिले. मला त्याचे मोल पंधरा हजारांहून जास्त वाटते.

मग हिशेब सरळ झाला. नळ ३५० आणि लाईट १,५९५, मिळून १,९४५. पंधरा हजारांतून ते वजा जाता १३,०५५ आमचे येणे. आबांनी त्याच दिवशी पाच हजार दिले, बाकीचे ऊस बिलाचे पैसे आल्यावर देतो म्हणाले. तसे त्यांनी माझ्या वहीत लिहून सही केली. दीड महिन्याने उरलेले घेऊन स्वतः गारगोटीला आमच्या दारात आले. आठ हजार मोजून दिले आणि म्हणाले, ‘‘वरचं पंचावन्न सोडा की.’’ मी म्हटले, ‘‘सोडले. पण सूट दिली असं लिहू या.’’ लिहिले, दोघांनी सही केली, चहा घेतला.

शेजारणीची भीतीही खरी ठरली नाही. तीन महिन्यांनी आबांचा फोन आला, ‘‘खोली मोकळी हाय. तुमच्या वळखीचं कोण असंल तर सांगा. पर आधी कागद करायचा बरं का!’’ आपल्यातलेच एक शिक्षक कुटुंब तिथे राहायला गेले. या वेळी काय ठरले, काय तुटलेले आहे, किती अनामत, सगळे लिहून घेतले. हिशेब मागितला म्हणून दार बंद झाले नाही. उलट दोन्ही बाजूंना दार कसे उघडे ठेवावे ते कळले.

पण प्रत्येकीला असे आबा भेटतील असे नाही. म्हणून भगिनींनो, काही गोष्टी ध्यानात ठेवा.

राहायला जाल त्या दिवशीच सगळ्या भिंती, फरशी, नळ, दारे यांचे फोटो काढा. भाड्याची वही ठेवा, सही घ्या. मीटरचा आकडा लिहा. मालकाने पैसे कापायचे म्हटले की तोंडी ऐकून घेऊ नका, बाबवार लेखी यादी मागा. यादी हातात आली की निम्मे भांडण तिथेच मिटते, कारण तोंडी बोललेले पुष्कळसे माणसाला कागदावर लिहवत नाही. उत्तरही लेखीच द्या आणि आपले खरे देणे आधी कबूल करा.

शहरात राहणाऱ्यांसाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात दिलेल्या क्षेत्रांना तो लागतो, सरसकट प्रत्येक खेड्याला नव्हे. त्यातले ५५ वे कलम वाचून ठेवावे. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, आणि तसा करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरायचे आहे. अनामत किती घ्यावी याबद्दल केंद्र सरकारने २०२१ साली नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला. राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत नको, असे त्यात म्हटले आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक नाही. इंग्लंडमध्ये मात्र २००७ पासून मालकाला भाडेकरूची अनामत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते आणि वाद झाला तर तिथेच विनाखर्च निवाडा मिळतो. अनामत ही मालकाची मिळकत नव्हे, भाडेकरूची ठेव आहे, हे तत्त्व तिथे मान्य झाले आहे. आपल्याकडे ते अजून माणसांच्या मनात रुजायचे आहे.

बोलणी फिसकटली तर गावातील तंटामुक्त समितीकडे जाता येते. तिथेही भागले नाही तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते, त्याला कोर्ट फी लागत नाही. अशा पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा ‘बघू पुढे’ म्हणत वर्षे घालवू नका.

शेवटी एक गोष्ट आपल्या आपल्यात बोलायची. आता आपल्यातही घरमालक झाले आहेत. कोल्हापूर, पुणे, ठाणे येथे आपल्या नोकरदारांनी घरे बांधली, वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवले. चांगली गोष्ट आहे. पण खोली सोडून जाणाऱ्या पोराची, एखाद्या विद्यार्थ्याची अनामत आपण कशी परत करतो? रंगाचे पैसे कापतो का? आडनाव विचारतो का? ज्यांनी पाच दारांवरचा नकार ऐकला आहे त्यांच्या दारावर तरी सहावा माणूस अडू नये. घेतलेली अनामत ठरल्या दिवशी मोजून हातात द्यावी, सही घ्यावी आणि चहा पाजून निरोप द्यावा. समता समता म्हणतो ती पुष्कळदा अशा पंधरा हजारांच्या व्यवहारातच दिसते.

जयभीम.